शाळेची चार किलोमीटर आणि इंजिनातलं ऑइल

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, नमस्कार. २०२१ साली आम्ही १२०० सीसीची पेट्रोल गाडी घेतली, साध्या गिअरची. मिस्टर नोकरीला पुण्यात असतात, त्यामुळे गाडी मीच चालवते. सकाळी मुलीला सात रस्त्याजवळच्या शाळेत सोडायचं, घरी यायचं, दुपारी पुन्हा आणायला जायचं. एका बाजूला चार किलोमीटर. दोन-तीन महिन्यांतून एकदा अक्कलकोट नाहीतर तुळजापूर. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० ऑइल लिहिलंय. आमचे मिस्त्री म्हणतात, एवढं पाण्यासारखं ऑइल सोलापूरच्या उन्हात टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका. सासरे म्हणतात, पाच हजारला ऑइल बदलायचंच, त्यांनी जन्मभर तसंच केलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात दहा हजार. मागच्या वेळी बदलून चौदा महिने झाले, पण गाडी ४,२०० किलोमीटरच चाललीय, म्हणजे अजून वेळ आहे ना? आणि डिसेंबरात ऑइलचं टोपण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट फेस! मिस्त्री म्हणाले, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. कूलंट थोडं कमी होतं म्हणून त्यांनी टाकीत बोअरचं पाणी घातलंय. काय करू?"

ताई, हो म्हटलं नाहीत हे फार चांगलं केलंत. निदान आठ दिवस तरी कुणाला इंजिन उघडू देऊ नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग जिथं जुळतो तिथली पट्टी. ती फुटली की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये शिरू शकतं. पण तो फेस बहुतेक करून गॅस्केटचा नाही, तुमच्या शाळेच्या फेऱ्यांचा आहे. आणि तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्या फेसातच आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. किती? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी, वाफेच्या रूपात. थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून टपटप थेंब पडतात ते हेच. यातला बहुतेक भाग सायलेन्सरवाटे जातो, पण थोडा पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळच्या भांड्यात उतरतो. इंजिन थंड असताना काँप्युटर पेट्रोलही जास्त सोडतो, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये मिसळतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून जसे थेंब धरतात, तशी ही वाफ इंजिनाच्या सगळ्यात गार जागी जमते. ती जागा म्हणजे टॅपेट कव्हर, इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, आणि तुम्ही उघडलंत ते टोपण. तिथं ऑइल आणि पाणी एकत्र घुसळलं जातं आणि साय तयार होते.

हे पाणी निघून जाण्याची सोय गाडीत असते. ऑइल पूर्ण तापलं आणि काही वेळ तापलेलं राहिलं, की पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून जातात. एका छोट्या व्हॉल्व्हमधून ती वाफ परत इंजिनात ओढली जाते आणि जळून जाते. पण त्यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालायला हवी. तुमची शाळा दहा-बारा मिनिटांवर. कूलंट तेवढ्यात गरम होतं, पण ऑइल कूलंटच्या मागून, सावकाश तापतं. ते तापायला लागतं न लागतं तोच तुम्ही शाळेच्या फाटकाशी गाडी बंद करता. घरी येऊन पुन्हा बंद. दुपारी तेच. दिवसातून दोनदा इंजिन पूर्ण थंडीतून उठतं, आणि पाणी आत साचत जातं.

आता खात्री कशी करायची ते सांगतो. सकाळी, गाडी थंड असताना, बॉनेट उघडा. कूलंटची पांढरी अर्धपारदर्शक टाकी दिसेल. आतल्या पातळीच्या रेषेवर बाहेरून स्केचपेनने खूण करा, बाजूला तारीख लिहा. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढा, कापडाने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून बघा. काळसर-तपकिरी, गुळगुळीत असेल तर बरं. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर काळजीचं. वास घ्या, पेट्रोलचा भपकारा येतोय का. आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल किंवा पाणी साचतंय असं समजा. मग टोपणाखालची साय स्वच्छ पुसून घ्या आणि रविवारी सकाळी गाडी हिप्परगा तलावापर्यंत नेऊन आणा, मध्ये फार वेळ बंद न करता. परत आल्यावर, इंजिन निवल्यावर टोपण उघडा. साय आली नसेल किंवा अगदी नावाला असेल, आठ दिवसांत कूलंटची खूण जागची हलली नसेल, डिपस्टिक स्वच्छ असेल, तर हेड गॅस्केट ठणठणीत आहे.

कूलंट रोज कमी होतंय पण खाली कुठे गळती नाही, गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, डिपस्टिकवरही दूध दिसतंय, असं असेल तर मात्र मिस्त्रींचं खरं आहे. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टो करून न्या. पण नुसत्या टोपणाखालच्या सायीवरून इंजिन उघडणं म्हणजे शिंक आली म्हणून छातीचं ऑपरेशन करण्यासारखं आहे.

आता पातळ ऑइलचं. तुमच्या मिस्त्रींवर मी रागावणार नाही. तीस वर्षं आयटीआयत पोरांना मोटार मेकॅनिक शिकवताना मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं हेच सांगत होतो. अँबॅसेडर, पद्मिनीच्या काळात ते बरोबरही होतं. त्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी मोठ्या असायच्या, ऑइल पातळ घातलं की प्रेशर पडायचं. मिस्त्रींचा हात त्या गाड्यांवर बसलाय. गाड्या बदलल्या, आणि त्यांना कुणी बसवून नवीन सांगितलं नाही.

०डब्ल्यू-२० मध्ये दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते सांगतो. बाहेर ४३ अंश असले की आपल्याला वाटतं, ऑइल उकळत असेल. पण इंजिनाला ४३ म्हणजे गारच. आत कूलंट थर्मोस्टॅटच्या जोरावर नव्वदच्या आसपास राखलेलं असतं, मे महिन्यात सोलापुरात आणि जानेवारीत महाबळेश्वरलाही. ऑइल त्याच्या थोडं पुढं-मागं. भर ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभं राहिलं की थोडं वाढतं, पण पंखा आणि रेडिएटर त्यासाठीच आहेत.

एक हिशेब बघा, मला तो फार पटतो. ऑइलचा दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. ०डब्ल्यू-२० ऑइल १०० अंशाला साधारण ८ असतं. तेच ४० अंशाला, म्हणजे आपल्या एप्रिलमधल्या भर दुपारी बंद उभ्या गाडीत, साधारण ४० असतं. पाचपट दाट! म्हणजे सोलापूरच्या रणरणत्या उन्हातही तुमचं 'पाण्यासारखं' ऑइल इंजिनाला हवं त्याच्या पाचपट दाट असताना गाडी चालू होते. २०डब्ल्यू-५० घातलं तर त्याच दुपारी तो आकडा दीडशेच्या वर. आता सांगा, चावी फिरवल्यावर पहिल्या काही सेकंदांत वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, कोण लवकर पोचेल? इंजिनाची झीज पहिल्या सेकंदांत आणि पहिल्या मिनिटांत जास्त होते, आणि तुमची गाडी दिवसातून चारदा तरी चालू होते. शिवाय या नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ऑइलच्याच प्रेशरवर बदलते. दाट ऑइलने ती यंत्रणा आळसावते, पिकअप मरतो, अॅव्हरेज पडतं.

२०डब्ल्यू-५० घातलं म्हणून इंजिन उद्या जाम होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या वापराला ते सगळ्यात वाईट ऑइल आहे. पुस्तकात दुसरा ग्रेड, समजा ५डब्ल्यू-३०, चालेल असं छापलेलं असेल तर तो घाला, हरकत नाही. लाखाच्या पुढे गेलेली, ऑइल पिणारी जुनी गाडी असती तर एक पायरी वर जायचा विचार मी केला असता. तुमचं इंजिन तरुण आहे.

डब्यावर ग्रेडच्या जोडीला एपीआयची, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची, अक्षरं बघा. पेट्रोलसाठी 'एस' ने सुरू होतात. एसपी २०२० साली आलं, त्याआधीचं एसएन २०१० चं. पुस्तकात जे लिहिलंय ते किंवा त्याहून नवं घ्या. ब्रँड कुठला यावर मी वाद घालत नाही. ग्रेड बरोबर, अक्षरं बरोबर आणि माल अस्सल, एवढं जमलं की झालं. शेजारच्या डिझेल गाडीवाल्यांचं ऐकून त्यांच्यासारखा डबा मात्र आणू नका. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरला कमी राखेचं ऑइल लागतं, तो हिशेबच वेगळा. आणि कारचं ऑइल स्कूटी-मोटरसायकलला नको. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

बदलायचं कधी? सासऱ्यांचा पाच हजारांचा आकडा, सर्व्हिस सेंटरचा दहा हजारांचा, दोन्ही तुमच्या गाडीला लागू नाहीत. कारण तुमच्या गाडीचा शत्रू किलोमीटर नाही, कॅलेंडर आहे. पुस्तकात दहा हजार किलोमीटर 'किंवा' बारा महिने असं असतं, यातलं जे आधी येईल ते. त्या 'किंवा'कडे सगळे दुर्लक्ष करतात. तुमचे चौदा महिने झालेत. वेळ उरलेला नाही, दोन महिने उशीर झालाय.

अजून एक पान उघडून बघा. मेंटेनन्सच्या तक्त्याच्या शेवटी कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो. सतत छोटं अंतर, सतत धूळ, सतत थांबत-थांबत चालवणं, असं असेल तर मुदत बहुतेक वेळा निम्मी. लोकांना वाटतं कठीण वापर म्हणजे लडाख. नाही हो. रोज सोळा किलोमीटर, तेही चार तुकड्यांत, हा कठीण वापर आहे. पुण्याला दर आठवड्याला जाऊन येणारी गाडी अडीचशे किलोमीटर सलग पळते, तिचं ऑइल तुमच्यापेक्षा सुखात असतं. ऑइलमध्ये आम्ल मारण्यासाठी क्षार घातलेले असतात. जळलेल्या पेट्रोलपासून जी आम्लं तयार होतात ती पाण्यात मिसळून ऑइलमध्ये बसतात, आणि ते क्षार त्यांच्याशी लढता लढता संपतात. गाडी पळो न पळो.

माझा सल्ला असा. आता लगेच ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. यापुढे दर सहा महिन्यांनी. पण आठवड्यातून एकदा, नेमाने, गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवलीत, हिप्परगा म्हणा, मोहोलच्या दिशेने म्हणा, तर वर्षातून एकदा पुरे. वर्ष मात्र ओलांडू नका. सकाळी दारात उभी करून दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची असं करू नका. नुसत्या आयडलवर ऑइल तापत नाही, पेट्रोल मात्र आत शिरतं. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. काळं होणं हे त्याचं काम आहे, काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं.

आता बोअरचं पाणी. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या पहिल्या गाडीचा रेडिएटर मी असाच घालवला. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, बोअर दारात. रेडिएटरमध्ये घालायला प्यायचं पाणी कोण वापरणार? वर्षानुवर्षं बोअरचंच ओतलं. मे महिन्यात पुण्याला निघालो, टेंभुर्णी मागे पडली आणि तापमानाचा काटा चढायला लागला. एसी नव्हताच, काचा उघड्या, मागे आई आणि दोन लेकरं. रस्त्याकडेच्या लिंबाखाली दोन तास बसून राहिलो. नंतर रेडिएटर उघडला तर आतल्या नळ्या पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेल्या. घरातल्या गीझरची कॉइल काढली की तिच्यावर जो खडबडीत पांढरा थर दिसतो, तोच. त्या थरातून उष्णता बाहेर पडत नाही.

म्हणून टाकीत घातलेलं ते पाणी तसंच ठेवू नका. खुणेचे आठ दिवस झाले की सगळं कूलंट काढून, डिस्टिल्ड वॉटरने सिस्टीम धुऊन, पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं कूलंट भरून घ्या. तयार मिश्रण मिळतं, तेच बरं. घट्ट कूलंट आणलं तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कूलंटचं काम थंडी वारण्यापुरतं नाही. निम्म्या मिश्रणाचा उकळणबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, रेडिएटरच्या टोपणाच्या दाबाने आणखी वर, आणि आतले धातू गंजत नाहीत. वाटेत कधी अगदीच अडलात तर बाटलीबंद किंवा आरओचं पाणी घाला, घरी आल्यावर बदला. गरम गाडीच्या रेडिएटरचं टोपण उघडू नका, वाफेने हात भाजतो. आणि काढलेलं कूलंट अंगणात उघडं ठेवू नका. चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलांचाही भरवसा नसतो.

पत्रात तुम्ही ब्रेक ऑइलचं नावही घेतलं नाहीत, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. गाडी २०२१ ची, म्हणजे ते बहुतेक कंपनीतून आलेलंच असणार. ब्रेक ऑइल म्हणजेच ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, टोपण बंद असलं तरी हळूहळू. डॉट ४ प्रकारचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं. पाणी धरलं की तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. शहरात तुम्हाला काही जाणवणार नाही. पण देवीचं दर्शन घेऊन, गाडीत पाच माणसं आणि सामान, तुळजापूरचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर चाकाजवळचं फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, नुसतं टॉप-अप नाही. टाकीतली पातळी सावकाश खाली येत असेल तर आधी ब्रेक पॅड झिजलेत का ते बघायला सांगा. आणि घाट गिअरमध्ये उतरा, ब्रेकला विश्रांती द्या.

गिअर ऑइलला पुस्तकातली मुदत पाळा, तुमच्या वापराला त्यात फार काही नाही. एअर फिल्टरकडे मात्र दर सर्व्हिसला बघा. आपल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते लोखंडालाही ओरखडतात. फिल्टर बसवताना त्याच्या कडेचं रबर नीट बसलंय का, एवढं बघा. इंजिन फ्लश आणि ऑइलमध्ये घालायच्या बाटल्या कुणी पुढे केल्या तर नको म्हणा. वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला त्यांची गरज नाही.

ऑइल बदलताना स्वतः उभ्या राहा. तुमच्यासमोर सीलबंद डबा उघडायला सांगा. इंजिनात तीन-साडेतीन लिटरच्या आसपास बसतं, नेमका आकडा पुस्तकात आहे. उरलेलं घरी आणा, टॉप-अपला उपयोगी पडतं. जुना फिल्टर बाहेर काढलेला डोळ्यांनी बघा. चेंबरच्या बोल्टला नवीन वॉशर लावायला सांगा, नाहीतर थेंब-थेंब गळत राहतं. रिकाम्या डब्याला तिथंच स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी नकली माल भरून विकणार नाही. जुनं ऑइल गटारात जाऊ देऊ नका, गॅरेजवाल्यांकडेच ठेवायला सांगा, त्यांच्याकडून ते घेऊन जाणारे असतात. खेड्याकडे गुरांच्या जखमेला कुणी मागितलं तरी देऊ नका, त्यात विषारी द्रव्यं असतात.

ऑइल भरल्यावर गाडी दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबून, सपाट जागेवर, डिपस्टिक बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असायला हवं. वरच्या खुणेच्या वर नको. मग मास्किंग टेपच्या तुकड्यावर तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. शेजारी ब्रेक फ्लुइड आणि कूलंटच्या तारखाही.

मिस्त्रींना सोडू नका. हाताने चांगले असतील तर पुस्तकाचं ते पान त्यांच्यासमोर उघडून ठेवा आणि म्हणा, "मामा, यातलंच घाला, डबा मी आणलाय." जुना कारागीर पान बघितलं की ऐकतो, माझा तसा अनुभव आहे.

आणि आठ दिवसांनी कूलंटच्या टाकीवरची स्केचपेनची खूण आणि पातळी कुठे आहे ते मला कळवा. खाली गेली असेल तर लगेच कळवा.